पत्र्याच्या घराला ग्लासवूल: पैसा कुठं घालायचा, कुठं नाही

सेलू तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. घरात पत्र्याच्या दोन खोल्या, एक १० बाय १२ ची, दुसरी १० बाय १४ ची, आणि मागं एक स्लॅबची खोली. एप्रिल-मे महिन्यात दुपारी आई आणि लहान बाळ यांना घरात बसवत नाही. परदेशी व्हिडिओत भिंतींच्या आत गुलाबी-पिवळ्या गाद्या भरताना दाखवतात, तसं फायबरग्लास आपल्याकडं कमी खर्चात लावता येईल का? आधी भिंत की आधी छत? आणि शेजाऱ्यांनी थर्माकोल लावलाय, तोच स्वस्तात बरा पडेल का?

भाऊ, थेट सांगतो. लावता येतं आणि लावाच, पण फक्त छताला. भिंतीत एक रुपया घालू नका. ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच जाडीचा माल पुरे. मालाच्या एका अंगाला चकचकीत फॉईल चिकटवलेली असते, ती बाजू खाली, खोलीकडं. त्याआधी पत्र्याची गळती काढा आणि वरून पांढरा रंग द्या. स्लॅबच्या खोलीचं गणित वेगळं आहे, ते खाली सांगतो. व्हिडिओतल्या त्या गाद्यांना आपल्याकडं ‘ग्लासवूल’ म्हणतात, दुकानात गेल्यावर तसंच मागा, नुसतं ‘फायबर’ म्हणालात तर दुकानदार पडवीवर टाकायचे हिरवे-पांढरे पारदर्शक पत्रे काढून दाखवील.

माझा रोजचा धंदा शेडचा. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इकडच्या कारखान्यांचे पत्रे आणि त्याखालचं ग्लासवूल. घरांची कामं त्याच्या जोडीनं होतात. कारखान्यात हा माल गेली कित्येक वर्षं सर्रास वापरतात, घरात मात्र लोक तो लावत नाहीत, कारण कुणी सांगितलेलंच नसतं.

भिंत का नको, ते आधी. त्या व्हिडिओतली घरं लाकडी सांगाड्याची असतात. भिंत आतून पोकळ, बाहेर बर्फ. त्यांना घरातली ऊब राखायची असते आणि पोकळी आयतीच मिळते. आपली भिंत भरीव, विटांची नाहीतर दगडाची. तिला आतून ग्लासवूल लावायचं म्हणजे आधी सांगाडा उभा करा, मग माल भरा, मग वरून बोर्ड ठोका. खोली चारी बाजूंनी तीन-तीन इंच लहान होते, खिळा मारायला जागा राहत नाही आणि खर्च छताच्या कितीतरी पट.

दुसरं कारण सूर्याचं. परभणी, सेलू हा पट्टा १९ अंश अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या मध्याला इथं भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, उभ्या काठीची सावली पडत नाही. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सगळा मारा छतावर. दक्षिणेच्या भिंतीला त्या दिवसांत ऊन जवळजवळ लागतच नाही. तापते ती पश्चिमेची भिंत, तीही तीननंतर. तिला बाहेरून हिरवी शेडनेट बांधा, भिंतीपासून फूटभर अंतर सोडून. नाहीतर दोडक्याचा, दुधीचा वेल चढवा. पाणी असेल तरच अर्थात.

आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं, तरी त्यांचं माळवद बरोबर होतं. तुळया, त्यावर किलचन म्हणजे लाकडी पट्ट्या, त्यावर हातभर पांढऱ्या मातीचा थर. मे महिन्यात भर दुपारी माळवदाखाली चटईवर झोप लागायची. पण त्या मातीचं वजन बघा. एक फूट जाडीच्या थराचं वजन दर चौरस फुटाला ४५ किलोच्या आसपास भरतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर-उस्मानाबादकडं सुमारे दहा हजार माणसं गेली, त्यात हे जड छत आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती यांचाच मोठा वाटा होता. त्यानंतर लोकांनी माळवदाचा धसका घेतला, तो बरोबरच होता. गावंच्या गावं पत्र्याखाली आणि स्लॅबखाली आली. डोक्यावरचं ओझं गेलं, पण त्याबरोबर सावलीची जाडीही गेली. दोन इंच ग्लासवूलचं वजन दर चौरस फुटाला शंभर-सव्वाशे ग्रॅम. उष्णता अडवायला मात्र ते त्या फूटभर मातीला भारी पडतं. (माती ऊन साठवून रात्री सोडते, तो तिचा वेगळा गुण, तो ग्लासवूलमध्ये नाही. त्यावर पुढं येतो.)

आता हिशेब. मे महिन्यात दुपारी दोन वाजता साधा पत्रा ६५ अंशांपर्यंत सहज जातो. खोलीत ३८ धरा. तुमच्या १० बाय १२ च्या खोलीत पत्र्याखाली काहीच नसेल तर छतातून आत येणारी उष्णता ढोबळमानानं १८०० वॅट. म्हणजे डोक्यावर जवळजवळ दोन किलोवॅटची शेगडी पेटती ठेवून तुम्ही खाली पंखा लावून बसलाय. त्याखाली एक इंच ग्लासवूल नीट बसवलं की हेच साडेतीनशे वॅटपर्यंत उतरतं. दोन इंचाला दोनशेच्या आत-बाहेर. चार इंचाला शंभर. प्रत्यक्षात लोखंडी पाइपातून, फटीतून थोडं जास्त येतं, पण प्रमाण हेच.

हे आकडे नीट बघा, कारण पैसे वाचवायची जागा इथंच आहे. पहिल्या इंचानं साडेचौदाशे वॅट अडवले. दुसऱ्यानं दीडशे. त्यापुढच्या दोन इंचांनी मिळून जेमतेम नव्वद. तेव्हा दुकानदार १०० मिमीचा माल गळ्यात मारत असेल तर नमस्कार करून पुढं चला. एसी लावणार असाल आणि तो दिवसभर चालणार असेल तर ७५ किंवा १०० चा विचार करा. पंखा-कूलरच्या घराला ५० मिमी. एक इंचावर का थांबू नये, तर पातळ माल लवकर लोंबतो, आणि दोन्हींच्या किमतीतला फरक मजुरीपुढं फार राहत नाही.

घनतेबद्दलही असंच. ग्लासवूल १२, १६, २४, ३२, ४८ अशा घनतेत येतं, आकडा म्हणजे एका घनमीटरचं वजन किलोत. उष्णता अडवण्यात १६ आणि २४ मध्ये थोडाच फरक आहे, पण १६ चा माल दोन-तीन वर्षांत मध्ये झोळ धरतो. मी घराला २४ लावतो. ४८ आवाज अडवायला वगैरे ठीक, तुम्हाला नको. आता दुकानदार २४ म्हणून १६ देत नाही ना, हे कसं ओळखायचं? रोल काट्यावर टाका. १.२ मीटर रुंद, १० मीटर लांब, ५० मिमी जाड आणि २४ घनता असेल तर वजन १४.४ किलो आलं पाहिजे. १६ चा असेल तर ९.६ किलो भरतो. फॉईलचं आणि पिशवीचं वजन थोडं धरा. शिवाय रोल दाबून गुंडाळलेला असतो, म्हणून एक टोक उलगडून दहा-पंधरा मिनिटं तसंच ठेवा आणि मग पट्टीनं जाडी मोजा. फुगून दोन इंच झाला नाही तर परत द्या. यासाठी आयएस ८१८३ हे भारतीय मानक आहे, पाकिटावर ते छापलंय का बघून घ्या.

पैशाचं बोलू. फॉईल चिकटवलेला ५० मिमी, २४ घनतेचा माल पंधरा ते तीस रुपये चौरस फूट या टप्प्यात धरून चला. कंपनी, वाहतूक आणि तुम्ही किती घेताय यावर तो खाली-वर होतो. तुमच्या दोन खोल्यांची जमीन २६० चौरस फूट, पत्र्याचा उतार आणि कटिंगची तूट धरून २८० ते २९० चौरस फूट माल लागेल. जाळी, स्क्रू, फॉईल टेप आणि मजुरी मिळून साधारण मालाइतकाच आणखी खर्च. एवढ्यात काम बसतं. खर्च फुगतो तो त्याखाली जिप्समचं किंवा पीव्हीसीचं सिलिंग केलं की, ते ग्लासवूलच्या दोन-तीन पट पैसे खातं. लोकांना ‘ग्लासवूल महाग’ वाटतं ते या सिलिंगच्या बिलामुळं. सिलिंग दिसायला आहे, थंडाव्यात त्याचा वाटा किरकोळ. हौस असेल तर पुढच्या वर्षी करा.

आणखी एक वाट आहे. एमआयडीसीत मोठ्या शेडचं काम संपलं की ठेकेदाराकडं अर्धेमुर्धे रोल उरतात. ओळखीनं विचारलं तर निम्म्या भावात मिळतात. दोन खोल्यांना तेवढे पुरतात. फक्त भिजलेला माल घेऊ नका. हातात घेऊन दाबा, सोडल्यावर परत फुगला पाहिजे. चपटा राहिला, कुबट वास आला, पिवळ्यावर तपकिरी डाग दिसले तर फुकटही नको.

आता काम कसं करायचं.

आधी पत्रा. पावसाचं पाणी ग्लासवूलचा वैरी आहे. हा माल उष्णता अडवतो तो काचेच्या बारीक तंतूंत अडकलेल्या हवेमुळं; हवेच्या जागी पाणी भरलं की त्याची गादी होते, ओली आणि जड. म्हणून पत्रा पाइपाला धरून ठेवणारे जुने जे-हुक हलतात का बघा, त्यांचे डांबरी वॉशर चिरलेले असतील तर बदला. छिद्रं मोठी झाली असतील तर रबर वॉशरचे सेल्फ ड्रिलिंग स्क्रू मारा. एक पाऊस बघून मगच आतलं काम केलं तर सर्वांत चांगलं.

मग वरून पांढरा रंग. नवा चकचकीत जीआय पत्रा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पत्रा, ऊन परतवतो असं वाटतं, पण तो एकदा तापला की आतली उष्णता वर आकाशाकडं सोडत नाही, म्हणून पांढऱ्या पत्र्यापेक्षा जास्त तापतो. गंजलेला तर विचारूच नका. जीआयवर चालणारा प्रायमर आणि त्यावर बाहेरचा पांढरा रंग, दोन हात. चुना पत्र्यावर टिकत नाही, पहिल्या वळवात वाहून जातो. तो स्लॅबसाठी ठेवा. आपल्याकडं काळ्या मातीची धूळ उडते, उन्हाळ्याआधी एकदा पत्रा झाडूनं धुतला तर रंगाचे पैसे वसूल. सिमेंटचे पत्रे असतील तर मात्र ते घासू नका, कोरडे ड्रिल करू नका. त्यांत बहुतेकदा ॲसबेस्टॉस असतं आणि त्याची धूळ खरोखर धोक्याची. भोक पाडायचंच तर ओलं करून, हातानं, तोंडाला मास्क लावून.

कारखान्यात नवी शेड असते तेव्हा पाइपांवर जाळी, जाळीवर ग्लासवूल आणि त्यावर पत्रा अशी रचना असते. तुमचे पत्रे आधीच बसलेत, तेव्हा खालून करायचं. आणि खालून केलेलं खरं तर जास्त चांगलं होतं. वरच्या पद्धतीत पाइपावर पत्रा आवळला की मध्ये ग्लासवूल दाबलं जातं, आणि दोन इंचाचं अर्धा इंच झालं की तिथून ऊन सरळ खाली येतं. खालून केलं तर माल पाइपांच्याही खाली राहतो, लोखंड झाकलं जातं, आणि पत्रा व माल यांच्यात पाइपाच्या उंचीएवढी हवेची पोकळी आपोआप मिळते.

एका टोकाच्या भिंतीपासून सुरुवात करा. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जीआयची जाळी, तिचं टोक पहिल्या आडव्या पाइपाच्या खालच्या अंगाला मोठा वॉशर घालून स्क्रूनं बसवा. जाळीवर ग्लासवूल अंथरायचं, फॉईल खाली. एकानं घोड्यावर (म्हणजे कामाच्या उंच स्टँडवर) उभं राहून रोल उलगडत जायचं, दुसऱ्यानं जाळी ताणून पुढच्या पाइपाला स्क्रू मारायचा. जाळी सैल सोडली की पोट सुटतं, म्हणून दोन पाइपांमध्ये तीन-चार फुटांपेक्षा जास्त अंतर असेल तर मध्ये एक जाड जीआय तार ताणून घ्या. दुसरी पट्टी पहिल्या पट्टीला घासून बसली पाहिजे. फट ठेवू नका, कोंबूही नका. माल कापताना अर्धा इंच जास्त कापा म्हणजे तो आपल्या अंगानं अडकून बसतो. कापायला खटक्याचा लांब कटर, वरून लाकडी पट्टी दाबून एकाच ओढीत. कात्रीनं कापलात तर कडा चेपते. शेवटी सगळे सांधे ॲल्युमिनियमच्या फॉईल टेपनं बंद करा. टेप लावायच्या आधी फॉईल कोरड्या फडक्यानं पुसा, धुळीवर टेप आठवडाभरही धरत नाही. भिंतीकडच्या कडेला लाकडी पट्टी ठोकून बंद करा.

फॉईल खालीच का? उन्हाळ्यात चकचकीत फॉईल खोलीकडं उष्णता फेकत नाही, हे एक. वर ठेवली तर वर्षभरात तिच्यावर धूळ बसते आणि तिचा गुण संपतो. दुसरं कारण हिवाळ्याचं. गेवराईकडच्या एका घरात जानेवारीत पत्रा गळतोय म्हणून मालकांनी दोनदा वरून डांबर लावून घेतलं होतं. पाऊस नाही, पाणी नाही, तरी पहाटे पांघरुणावर थेंब. ती गळती नव्हतीच. बंद खोलीत श्वासाची, आंघोळीच्या पाण्याची, चहा-भाकरीची वाफ वर जाऊन गार पत्र्याला लागत होती आणि तिथं तिचं पाणी होत होतं. ऊन वर आलं की थांबायचं. आपल्याकडं परभणी-हिंगोली पट्ट्यात थंडीही कडक पडते, त्यामुळं हे बऱ्याच घरांत होतं. खाली अखंड फॉईल असली की वाफ ग्लासवूलमध्ये शिरत नाही.

गॅसच्या शेगडीच्या वर जेवढा भाग येतो तेवढ्यावर मात्र फॉईल उघडी ठेवू नका. ग्लासवूल स्वतः जळत नाही, पण फॉईलमागचा कागद आणि गोंद जळतो. तिथं फायबर सिमेंटच्या बोर्डाचा तुकडा ठोका. विजेच्या वायरी ग्लासवूलमध्ये पुरू नका, त्यांनाही गार व्हायला हवा लागते. पाइपात घालून खालच्या बाजूनं न्या. पंख्याचा रॉड जातो तिथं नेमकं गोल भोक पाडून कडेनं टेप. आणि पत्र्याच्या नळ्या भिंतीवर उघड्या राहतात ना, तिथं बारीक जाळी भरा. पूर्ण सिमेंटनं बुजवू नका. पोकळीतली गरम हवा वरच्या टोकाला बाहेर पडू द्या. चिमण्या आणि उंदीर मात्र आत नकोत. उंदराला हा माल खायला आवडत नाही, पण घर करायला फार आवडतो.

हात आणि घसा सांभाळा. अंगाला खाज येते ती काचेच्या बारीक टोकांनी. पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, गॉगल आणि एन-९५ मास्क, उपरण्यावर भागत नाही. काम संपलं की आधी गार पाण्यानं नुसतं धुवा, चोळू नका, मग साबण. ते कपडे घरच्या कपड्यांत, विशेषतः बाळाच्या कपड्यांत धुवायला टाकू नका. कॅन्सरची भीती बरेच जण विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००१ मध्ये फेरविचार करून या प्रकारचं ग्लासवूल संशयितांच्या गटातून काढून ‘वर्गीकरण करता येत नाही’ अशा तिसऱ्या गटात टाकलं. ॲसबेस्टॉस पहिल्या गटात आहे, म्हणजे कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत. दोघांना एका मापानं मोजू नका. तरी काम होईपर्यंत आई आणि बाळ शेजारी किंवा पाहुण्यांकडं राहिलेले बरे.

आता शेजाऱ्यांचा थर्माकोल. खरं सांगायचं तर तेवढ्याच जाडीत तो उष्णता ग्लासवूलइतकीच अडवतो. पण लोक लावतात तो अर्ध्या इंचाचा, पत्र्याला चिकटवून. तापलेल्या पत्र्याला लागून तो वाकडा होतो, सुटतो. आणि आग. पेटला की वितळून जळते थेंब खाली पडतात, काळा धूर दोन मिनिटांत खोली भरतो. चूल किंवा गॅस असलेल्या घरात, खाली बाळ झोपत असताना, मी तो लावून देत नाही. पत्र्यावर पाचट, तुराट्या, पऱ्हाट्या टाकायची जुनी पद्धत गारव्याला उत्तम आहे, पण वाळलेलं पाचट म्हणजे ठिणगीला आमंत्रण, त्यात साप-विंचू येतात ते वेगळंच. ज्वारीचं खळं जवळ असेल तर अजिबात नको.

ग्लासवूललाही पैसे पुरत नसतील तर बबल शीट बघा, दोन्ही बाजूंनी चांदीसारखी चमकणारी. ती विकणारे ‘चार मिमीत चार इंचाचं काम’ वगैरे सांगतात, त्यावर जाऊ नका. तिच्या जाडीत काही नाही, काम करते ती तिची चमक, आणि चमकेला समोर मोकळी हवा लागते. पत्र्याला टेकवून लावली तर पैसे वाया. पत्र्यापासून दोन-तीन इंच खाली, ताणून, सांधे टेपनं बंद करून लावली तर उन्हाळ्यात ग्लासवूलच्या बरीच जवळ जाते, कारण उष्णता वरून खाली येत असते आणि मधली हवा हलत नाही. हिवाळ्यात तिचा उपयोग कमी होतो, आणि प्लास्टिक असल्यामुळं काही उन्हाळ्यांनी ती कडक होऊन तुटते. तरी काहीच नसण्यापेक्षा ती फार बरी.

एक गोष्ट कुणी सांगत नाही, आणि मग लोक आठवडाभरानं फोन करतात, ‘दुपारी गार वाटतंय, पण रात्री कोंडतंय.’ बरोबर आहे. उघडा पत्रा जसा पटकन तापतो तसा पटकन गार होतो. पहाटे दोनला तो आकाशाकडं उष्णता सोडून बाहेरच्या हवेपेक्षाही गार झालेला असतो, आणि खालची खोली त्याच्यामुळं गार व्हायची. आता मध्ये ग्लासवूल आलं, ते वाटही अडवणारच. दिवसभरात माणसांची, स्वयंपाकाची, भिंतींची जी ऊब साचली ती रात्री बाहेर काढायला हवी. खोलीच्या दोन समोरासमोरच्या भिंतींत खिडकी किंवा झरोका पाहिजे, त्यातला एक शक्य तेवढा उंच, छताखाली. तो नसेल तर एक साधा एक्झॉस्ट पंखा बसवा आणि रात्री नऊनंतर चालवा. सकाळी आठ-साडेआठला खिडक्या बंद, पडदे ओढलेले. दुपारी खिडकी सताड उघडी ठेवून बाहेरची ४३ अंशांची लू आत घ्यायची आणि वर ग्लासवूल कामाचं नाही म्हणायचं, असं करू नका.

कूलरवाल्यांना मात्र खिडकी उघडी लागते, त्याशिवाय ओल कोंडते. कूलर चालू असताना समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा. फायदा असा की छताची धग गेल्यावर कूलर कमी वेगावर, कमी तास पुरतो आणि पाणी कमी लागतं. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या आपल्या भागात कूलरच्या टाकीत रोज किती बादल्या जातात हाही हिशेबच आहे. आणि लोडशेडिंगमध्ये कूलर बंद पडतो, ग्लासवूल पडत नाही.

स्लॅबची खोली. तिला ग्लासवूल खालून लावता येतं, पण तिथं सांगाडा आणि सिलिंग दोन्ही करावं लागतं, म्हणून स्वस्त नाही. शिवाय स्लॅब स्वतः दिवसभर तापत राहतो आणि रात्री अकरापर्यंत धग सोडतो. त्याला वरूनच झाकायला हवं. ग्लासवूल गच्चीवर चालत नाही, पायाखाली चेपतं आणि पाण्यानं जातं. घरांसाठीच्या इको-निवास संहिता २०१८ मध्ये छतातून उष्णता झिरपण्याची मर्यादा १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश अशी दिलीय. पाच इंची उघडा स्लॅब तीनच्या वर जातो. म्हणजे नुसत्या स्लॅबखाली घर गरम होणारच, तुमच्या मिस्त्रीचा दोष नाही. हाताशी पैसे असतील तर गच्चीवर एक्सपीएसचे, म्हणजे दाट फोमचे, कडक बोर्ड, त्यावर कोबा आणि पांढऱ्या फुटक्या टाइल्स. नसतील तर मार्चच्या सुरुवातीला चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवा, वस्त्रगाळ करा, धरून राहायला थोडा फेविकॉल, आणि गच्ची स्वच्छ धुऊन दोन हात. ताजा चुना ऊन मोठ्या प्रमाणात परतवतो. दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो, पण दोन माणसांचं एका सकाळचं काम आहे.

पत्र्याचं काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. एप्रिलमध्ये पत्र्याखाली घोड्यावर उभं राहून कुणी नीट काम करत नाही, आणि तेव्हा मजूरही मिळत नाहीत. निघण्याआधी आडव्या पाइपांमधलं अंतर, पाइपाची जाडी आणि खोलीची भिंत ते भिंत रुंदी तीन ठिकाणी मोजून घ्या. गावाकडच्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. बसवल्यानंतर दरवर्षी मृगाच्या आधी वरचे स्क्रू तपासा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर खालून फॉईलकडं बघा. कुठं पोट आलेलं दिसलं, बोटानं दाबल्यावर जड लागलं तर तेवढी जाळी सोडून माल खाली घ्या, वरचं भोक बंद करा आणि माल सावलीत वाळवा. वाळून परत फुगला तर तोच लावा, नाही फुगला तर तेवढाच तुकडा नवा. त्यासाठी कामाच्या वेळी उरलेली एक-दोन हात पट्टी माळ्यावर कोरड्या गोणीत बांधून ठेवा.